बोरघाट, बुगाटी आणि जेआरडी

तळेगाव दाभाडे येथून चाकणकडे निघाले, की इंद्रायणीच्या काठी इंदुरी हे गाव लागते. सेनापती खंडेराव दाभाडे यांचा भुईकोट किल्ला ही या गावाची जुनी ओळख. नवी ओळख मात्र रस्त्याची आहे. मोटारींचे सुटे भाग, तयार गाड्या आणि कामगारांच्या बसेस घेऊन या रस्त्यावरची वाहतूक अहोरात्र सुरू असते. मावळ आणि खेड हे तालुके आज देशाच्या वाहन उद्योगाच्या नकाशावर ठळकपणे दिसतात. या परिसराचे मोटारीशी असलेले नाते मात्र औद्योगिक वसाहतींच्या कितीतरी आधीचे आहे. इंदुरीपासून काही किलोमीटरवर जुना मुंबई-पुणे रस्ता आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस याच रस्त्यावरून, बोरघाट चढून लोणावळा, कामशेत, वडगाव या गावांमधून, टप नसलेली आणि मडगार्डही नसलेली एक फ्रेंच शर्यतीची मोटार पुण्याकडे धावत असे. मोटार होती बुगाटी आणि तिच्या चाकामागे बसलेल्या पंचविशीच्या तरुणाचे नाव होते जहांगीर रतनजी दादाभाई टाटा.

जेआरडी हे नाव उच्चारले, की विमान आठवते. एअर इंडिया, जमशेदपूर, भारतरत्न आठवते. त्यांच्या आयुष्यातील बुगाटीचे प्रकरण चरित्रांमध्ये पान-दोन पानांत आटोपते. तारुण्यातील एक हौस एवढीच नोंद घेऊन चरित्रकार पुढे सरकतात. वास्तविक या एका गाडीने त्यांना रस्त्यावरचा विक्रम दिला, पोलिसांचा ससेमिरा दिला, वकिलाच्या घरचा उंबरा दाखविला आणि त्या घरातच त्यांना आयुष्याची जोडीदार भेटली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वेगाची हौस आणि वेगाची जबाबदारी यांतील अंतर पार करण्याचा त्यांचा प्रवास याच गाडीपासून सुरू झाला असे म्हणता येते.

पॅरिसचा पोर

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील रतनजी दादाभाई टाटा हे जमशेटजी टाटा यांचे नातलग आणि व्यवसायातील भागीदार. आई सुझान ब्रिएर फ्रेंच. लग्नानंतर त्या सूनी झाल्या. भारतात मोटार चालविणारी पहिली स्त्री म्हणून सूनीबाईंचा उल्लेख केला जातो. स्वतः जमशेटजी हेही मोटार बाळगणाऱ्या अगदी पहिल्या भारतीयांपैकी एक होते. वाहनांचे आकर्षण या घरात असे दोन्ही बाजूंनी आलेले होते.

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आर्देलो येथे टाटा कुटुंबाचे उन्हाळी घर होते. १९०९ मध्ये विमानाने इंग्लिश खाडी ओलांडणारे लुई ब्लेरिओ यांचेही घर जवळच होते. तेथील वाळूवर विमाने उतरताना पाहून लहानग्या जेआरडींच्या मनात उड्डाणाची ओढ निर्माण झाली. वयाच्या पंधराव्या वर्षी विमानातून एक छोटी फेरी मारण्याची संधी मिळाली आणि पुढचे सारे ठरून गेले.

बालपण मात्र स्थिर नव्हते. फ्रान्स, भारत, जपान, पुन्हा फ्रान्स असे कुटुंबाचे बिऱ्हाड हलत राहिले. १९२३ मध्ये आईचे क्षयाने निधन झाले. पुढे फ्रेंच नागरिक म्हणून सक्तीची लष्करी सेवा आली आणि जेआरडी स्पाही या घोडदळाच्या पलटणीत दाखल झाले. तेथेच आणखी काही काळ राहण्याची त्यांची इच्छा होती. पण वडिलांनी परवानगी दिली नाही. त्यांनी सोडलेली ती पलटण पुढे मोरोक्कोत कापली गेली. केंब्रिजमध्ये अभियांत्रिकी शिकण्याचे स्वप्नही वडिलांच्या बोलावण्यामुळे अपुरे राहिले. १९२५ च्या अखेरीस ते मुंबईत आले आणि टाटा उद्योगात बिनपगारी उमेदवार म्हणून रुजू झाले. महाविद्यालयाची पायरी न चढल्याची खंत त्यांना आयुष्यभर राहिली.

पुढच्याच वर्षी, १९२६ मध्ये, वडील गेले. बावीस वर्षांच्या जेआरडींवर टाटा सन्सच्या संचालकपदाची आणि धाकट्या भावंडांची जबाबदारी येऊन पडली. बुगाटीवर स्वार होणारा तरुण हा असा होता. वरवर पाहता श्रीमंत घरातला, फ्रेंच वळणाचा, बेफिकीर. आतून आई-वडिलांना लवकर पारखा झालेला आणि न निवडलेल्या कामाला जुंपलेला.

शर्यतीसाठी जन्मलेली गाडी

बुगाटी ही त्या काळातली साधी चैनीची मोटार नव्हती. मिलानमध्ये जन्मलेल्या एत्तोरे बुगाटी यांनी १९०९ मध्ये आल्सेस प्रांतातील मोल्सहाइम येथे कारखाना काढला. पहिल्या महायुद्धानंतर आल्सेस जर्मनीकडून फ्रान्सकडे आला आणि बुगाटी फ्रेंच मोटार झाली. शर्यतीत फ्रान्सचा रंग निळा. त्या निळ्या बुगाटींनी १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षे सिसिलीच्या डोंगराळ रस्त्यांवरील तार्गा फ्लोरिओ ही कठीण शर्यत जिंकली. १९२९ मध्ये मोनाकोची पहिली ग्रां प्रीही बुगाटीनेच मारली.

या कंपनीचे वेगळेपण असे, की जिंकणारी गाडी ती हौशी गिऱ्हाइकालाही विकत असे. १९२४ मध्ये ल्योंच्या शर्यतीत उतरलेले ३५ क्रमांकाचे मॉडेल याचे प्रसिद्ध उदाहरण. दोन लिटरचे, आठ सिलिंडर एका रांगेत असलेले इंजिन आणि अॅल्युमिनियमची ओतीव चाके असलेली ही मोटार वजनाला पाऊण टनाच्या आसपास होती. ज्यांचा खिसा एवढा मोठा नव्हता त्यांच्यासाठी १९२६ मध्ये दीड लिटरचे, चार सिलिंडरचे ३७ क्रमांकाचे मॉडेल आले. युरोपातील हौशी चालक अशी गाडी विकत घेत, ती रस्त्यावरून चालवतच शर्यतीच्या गावी नेत, रविवारी शर्यत पळत आणि मोडतोड झाली नसेल तर त्याच गाडीने घरी परतत. व्यावसायिक संघ, मेकॅनिकांचा ताफा आणि पुरस्कर्त्यांचे फलक हा सारा पसारा फार नंतरचा.

गाडी हलकी असावी, वळणावर ती हाताच्या इशाऱ्यावर वळावी, आणि चालक व रस्ता यांच्या मध्ये शक्य तेवढे कमी असावे, हे अशा मोटारीचे सूत्र. मडगार्ड काढले, टप नाही, सामानाला जागा नाही. पावसात चालक भिजणार, उन्हाळ्यात धुळीने माखणार. ब्रेक तारेच्या ओढीने चालणारे असल्याने थांबण्यासाठी पायातही बळ लागे. सुरक्षा पट्टा नव्हता, शिरस्त्राणाची सक्ती नव्हती. चूक झाली तर तिची किंमत चालकाला आणि समोर येणाऱ्याला तत्काळ मोजावी लागे.

अडीच तासांचा विक्रम

युरोपातील हौशी चालकासाठी इंग्लंडमध्ये १९०७ पासून ब्रुकलंड्स आणि फ्रान्समध्ये १९२४ पासून मोंलेरी हे खास बांधलेले शर्यतीचे पथ होते. मुंबईत असे काही नव्हते. भारतात मद्रासजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील कायमस्वरूपी पथ सुरू व्हायला १९९० साल उजाडावे लागले. त्यामुळे शर्यतीची गाडी असूनही शर्यत नाही, अशा स्थितीत मुंबईच्या हौशी चालकापुढे एकच आव्हान उरत असे आणि ते म्हणजे पुण्याचा रस्ता.

रेल्वेने हे अंतर १९२ किलोमीटर. रस्त्यानेही साधारण तेवढेच. गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला होता. जवळपास शंभर वर्षांनंतरही त्या रस्त्याचा मुख्य प्रवासी बैलच होता. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतची चढण, तीव्र वळणे, एका अंगाला दरी आणि घाटमाथ्यावर पोचताच मावळातली भातखाचरे, गुरे आणि बाजाराच्या गाड्या. अशा रस्त्याने जेआरडींनी मुंबई-पुणे हे अंतर अडीच तासांत कापल्याचे चरित्रात नमूद आहे आणि त्या काळी तो विक्रम मानला गेला.

या आकड्याचा अर्थ समजण्यासाठी एक तुलना पुरेशी आहे. १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे मार्गावर दख्खनची राणी सुरू झाली. आधुनिक डब्यांची ही गाडी हे अंतर पावणेतीन तासांत पार करीत असे आणि त्या काळी तिच्या वेगाचे मोठे कौतुक झाले. म्हणजे स्वतंत्र लोहमार्ग असलेल्या नव्या कोऱ्या रेल्वेगाडीलाही जे जमत नव्हते, ते एका तरुणाने बैलगाड्यांच्या रस्त्यावर करून दाखविले होते. सरासरी ताशी वेग ७५ किलोमीटरच्या पुढे जातो. आज द्रुतगती मार्गावर हा वेग किरकोळ वाटेल. घाटातली वळणे, गावांतून जाणारा रस्ता आणि तारेचे ब्रेक लक्षात घेतले, तर मोकळ्या पट्ट्यांवर गाडी किती धावत असेल याची कल्पना येते.

या विक्रमाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. रस्ता शर्यतीसाठी बंद केलेला नव्हता. त्यावरून चालणाऱ्या मावळच्या शेतकऱ्याला या हौसेत सहभागी व्हायचे आहे का, असे कोणी विचारले नव्हते. टाटा हे नाव तोवर या परिसरात वेगळ्या कारणानेही परिचित झाले होते. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झाले ते लोणावळा-वळवणच्या पाण्यावर. आंध्रा खोऱ्यात ठोकरवाडीचे धरण झाले. शेजारच्या मुळशीत धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह झाला आणि अखेर धरण झालेच. जेआरडी भारतात आले ते त्यानंतरच्या वर्षी. त्या निर्णयाशी त्यांचा संबंध नव्हता. तरीही मुंबईच्या गिरण्यांना वीज देणारा आणि मुंबईच्या तरुणाला वेगाची मौज देणारा प्रदेश एकच होता, आणि त्याची किंमत कोण मोजत होते हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच होता.

वकिलाच्या घरी

वेगाची किंमत जेआरडींपर्यंतही पोचली. मुंबईच्या रस्त्यावर बुगाटी बेफाम चालविल्याच्या आरोपावरून पोलिसांनी त्यांच्यावर खटला भरला. तेव्हा त्यांनी मुंबईतील नामांकित फौजदारी वकील जॅक विकाजी यांच्याकडे धाव घेतली. या सल्लामसलतीच्या निमित्ताने विकाजी यांची पुतणी थेल्मा हिच्याशी त्यांची ओळख झाली. १५ डिसेंबर १९३० रोजी दोघांचा विवाह झाला. हा संसार पुढे सहा दशकांहून अधिक काळ टिकला.

दरम्यान, वेगाच्या हौसेला दुसरी वाट सापडली होती. मुंबईत फ्लाइंग क्लब निघाला आणि जेआरडींनी तेथे नाव नोंदविले. जेमतेम साडेतीन तासांच्या शिकवणीनंतर त्यांनी एकट्याने विमान उडविले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना मिळालेल्या वैमानिकाच्या परवान्यावर क्रमांक होता १. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्वाचा त्याग केला.

हौशी शर्यतीचा खरा अनुभव त्यांना मोटारीने दिला नाही, तो विमानाने दिला. इंग्लंड आणि भारत यांच्यातील अंतर एकट्याने विमानातून ठरावीक मुदतीत पार करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखान यांनी ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. मे १९३० मध्ये जेआरडी जिप्सी मॉथ विमानातून कराचीहून लंडनकडे निघाले. त्याच वेळी लंडनहून कराचीकडे सतरा वर्षांचा अस्पी इंजिनिअर निघाला होता. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबुकिरच्या धावपट्टीवर दोघांची गाठ पडली. अस्पीचे विमान स्पार्क प्लगअभावी अडकून पडले होते. जेआरडींकडे जादा प्लग होते. प्रतिस्पर्ध्याला तेथेच सोडून पुढे जाणे हे शर्यतीच्या नियमात बसणारे होते. जेआरडींनी प्लग दिले. दोघे आपापल्या दिशेने उडाले आणि काही तासांच्या फरकाने अस्पीने बक्षीस जिंकले. हाच मुलगा पुढे एअर मार्शल झाला आणि १९६० ते १९६४ या काळात भारतीय हवाई दलाचा प्रमुख होता.

अडीच तासांच्या विक्रमासाठी घाट पालथा घालणारा चालक आणि बक्षीस हातचे जाऊ देणारा वैमानिक, यांच्यात अंतर फार तर दोन-तीन वर्षांचे. हौशी खेळाची शिकवण काय असते याचे दुसरे उदाहरण देण्याची गरज नाही.

वेगाकडून वेळेकडे

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी जेआरडींनी पुस मॉथ हे एका इंजिनाचे विमान कराचीहून उडविले. सोबत सुमारे २५ किलो टपाल होते. अहमदाबादला थांबा घेऊन दुपारी ते मुंबईत जुहूच्या धावपट्टीवर उतरले. तेथून टपाल घेऊन पुढे मद्रासकडे गेले ते नेव्हिल व्हिन्सेंट. ब्रिटिश हवाई दलातून निवृत्त झालेल्या व्हिन्सेंट यांचीच ही कल्पना. सर दोराबजी टाटा राजी नव्हते. जॉन पीटरसन यांनी त्यांचे मन वळविले आणि दोन लाख रुपयांच्या गुंतवणुकीवर टाटांची टपालसेवा सुरू झाली. भारतातील नागरी विमान वाहतुकीचा तो प्रारंभ.

येथे वेगाचा अर्थच बदलला. बुगाटीच्या विक्रमात एकदाच लवकर पोचणे पुरेसे होते. टपालसेवेत प्रत्येक खेपेला वेळेवर पोचणे आवश्यक होते. पावसाळ्यात जुहूची धावपट्टी चिखलाने भरत असे, विमानात रेडिओ नव्हता, रात्रीच्या उड्डाणाची सोय नव्हती. तरीही या सेवेच्या वक्तशीरपणाची सरकारी विमान खात्याने दखल घेतली. १९३८ मध्ये वयाच्या ३४ व्या वर्षी जेआरडी टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे विमान मुंबईहून लंडनला झेपावले. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले. जेआरडींना ते मान्य नव्हते, तरी अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि १९७८ पर्यंत सांभाळले. विमानातील पडद्यांपासून घड्याळाच्या काट्यापर्यंत त्यांची नजर फिरत असे, असे त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवून ठेवले आहे. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे आली, ते पाहायला मात्र ते नव्हते.

न बनलेली मोटार

मोटारीचे एवढे वेड असलेल्या उद्योगपतीच्या हयातीत टाटांची छोटी मोटार रस्त्यावर आली नाही, हा नियतीचा विचित्र न्याय म्हणावा लागेल. १९४५ मध्ये टेल्को स्थापन झाली ती रेल्वे इंजिनांसाठी. १९५४ मध्ये डेमलर-बेंझ यांच्या सहकार्याने मालमोटारी सुरू झाल्या. परवाना पद्धतीच्या काळात कोणी काय आणि किती बनवायचे हे दिल्लीत ठरत असे आणि प्रवासी मोटारीचे क्षेत्र मोजक्याच कंपन्यांच्या हाती होते. टेल्कोने ट्रकमध्ये पाय रोवले. १९६६ मध्ये सुमंत मुळगावकर यांच्या पुढाकाराने पिंपरी-चिंचवडमध्ये पुणे प्रकल्पाची उभारणी सुरू झाली. उत्पादनाआधी प्रशिक्षण आणि यंत्रे बनविणारी यंत्रे, असा मुळगावकरांचा क्रम होता. पुण्यात बनलेले पहिले व्यापारी वाहन १९७७ मध्ये बाहेर पडले. मावळातील आणि पुणे परिसरातील हजारो घरांची चूल या कारखान्याने पेटविली.

१९९१ मध्ये जेआरडींनी टाटा सन्सचे अध्यक्षपद रतन टाटा यांच्याकडे सोपविले. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न देण्यात आले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. पुण्यात घडलेली इंडिका १९९८ च्या अखेरीस आली. तोवर त्यांना जाऊन पाच वर्षे झाली होती. शर्यतीचा मोठा वारसा असलेली जग्वार कंपनी टाटांनी २००८ मध्ये विकत घेतली.

हौशी वैमानिक मात्र ते अखेरपर्यंत राहिले. पहिल्या टपाल उड्डाणाच्या तिसाव्या वर्षी, १९६२ मध्ये, त्यांनी कराची-मुंबई उड्डाण पुन्हा केले. पन्नासाव्या वर्षी, १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी ते तिसऱ्यांदा जुन्या धाटणीच्या विमानातून एकट्याने मुंबईत उतरले. त्या उड्डाणात कोणताही वेगाचा विक्रम नव्हता. तरुणांपुढे साहसाचे उदाहरण असावे एवढाच हेतू होता.

बुगाटी हे नाव १९९८ मध्ये फोक्सवॅगन समूहाने घेतले आणि २०२१ मध्ये ते रिमाक या क्रोएशियन कंपनीबरोबरच्या भागीदारीत गेले. याच फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये चाकणला सुरू झाला. तळेगावहून तिकडे जाणारी वाट इंदुरीवरूनच जाते. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर आजही पहाटेच्या वेळी महागड्या गाड्या घेऊन वेग आजमावणारे तरुण दिसतात. त्यांच्यासाठी आता मद्रासचा पथ आहे, २००३ पासून कोइमतूरचा आणि २०११ पासून ग्रेटर नोएडाचाही आहे. जेआरडींना यांतील एकही उपलब्ध नव्हता. घाटातल्या अडीच तासांचा त्यांचा विक्रम कधीच मागे पडला. अबुकिरच्या वाळवंटात त्यांनी प्रतिस्पर्ध्याच्या हाती ठेवलेले स्पार्क प्लग मात्र आजही सांगण्यासारखे आहेत.